चॅम्पियनचं दुसरं बटण

आधीच सांगते, आमच्या ह्यांना पोकरमधलं ओ की ठो कळत नाही. लोक काय वाटेल ते म्हणोत. पेपरात फोटो आला, टीव्हीवाल्या बाईनं तोंडासमोर माइक धरला, 'थंड डोक्याचा बादशहा' असं नाव पडलं, सगळं खरं. पण चष्मा कपाळावर ठेवून जो माणूस तो घरभर शोधतो, त्याला समोरच्याची पानं काय कळणार? जिंकला तो शर्ट. आणि तो शर्ट मी शिवला होता.

मी बायकांचे कपडे शिवते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि सासूबाई. हे एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस सरळ, निर्व्यसनी, हाताला चांगला. पण चेहरा म्हणजे ओढून घेतलेलं शटर. आत दिवा लागलाय की नाही, बाहेरून कळायची सोय नाही. बोलणंही त्यातलंच. भाजी कशी झालीय? बरी आहे. सिनेमा कसा वाटला? ठीक होता. नवीन ड्रेस घालून समोर उभी राहिले तर, नेहमीसारखी दिसतेस. दुसरी एखादी असती तर महिन्याभरात माहेरी निघून गेली असती. मी गेले नाही, कारण मला बटणाचं गुपित कळलं होतं.

हे आतून खूश झाले ना, की उजवा हात आपोआप छातीवर जातो आणि शर्टाचं वरून दुसरं बटण पिळायला लागतो. ह्यांना त्याचा पत्ताच नसतो. तोंडानं 'बरी आहे' चाललेलं असतं आणि खाली बटण गरागरा फिरत असतं. आमची ओळखही त्यातूनच झाली. हे तुटलेलं बटण घेऊन दुकानात आले. मी म्हटलं, इथे फक्त बायकांचे कपडे. हे हलेनात. शेवटी दिलं लावून. थोड्या दिवसांत परत हजर, तेच बटण. मला वाटलं दोराच कुजका, म्हणून दुहेरी घातला. तरी परत आले. मग एकदा मान वर केली तर हे माझ्याकडे बघत उभे, आणि मी नुकतंच लावलेलं बटण पिळतायत. काय ते मी समजले. पुढे मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा ते बटण उडालं आणि थेट माझ्या खडूच्या डब्यात पडलं.

तेव्हापासून मी ह्यांना फारसं काही विचारतच नाही, नुसतं बटण बघते. ह्यांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माणूस सावध झाला असता आणि मी बसले असते आयुष्यभर शटरकडे बघत. दोऱ्याची रिळं जास्त लागतात, लागू देत.

आता पोकर. दुपारच्या सुट्टीत गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीत हे आणि आणखी तीन मेकॅनिक खेळत बसायचे. लावायला काय, तर काडेपेटीच्या काड्या. हे कायम हरायचे. हरणारच. पानं चांगली आली की हे खूश, खूश झाले की हात बटणाला, आणि हात दिसला की बाकीचे तिघे पानं टाकून मोकळे. ह्यांना वाटायचं आपलं नशीबच फुटकं. घरात काडेपेटी म्हणून टिकायची नाही. सासूबाई म्हणायच्या, लोकांची मुलं पैसे उधळतात, आमच्या दिवट्यानं काड्या उधळल्या.

तर एकदा एका मोठ्या हॉटेलची लिफ्ट मध्येच अडकली. आत पोकरच्या मोठ्या स्पर्धेचा आयोजक. आतून आरडाओरडा, रडणं, देवाचा धावा. ह्यांनी दार उघडून त्याला ओढून काढलं आणि काहीच न झाल्यासारखे हात पुसत उभे राहिले. तो माणूस ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. म्हणाला, असा चेहरा मी जन्मात पाहिला नाही, तुम्ही आमच्या स्पर्धेत खेळा, फी नको. हे म्हणाले, बरं.

स्पर्धेचा एक नियम होता, टी-शर्ट चालणार नाही, कॉलरचा शर्ट हवा. आणि कॉलर आली की बटणं आली. मला त्या बक्षिसाचं काही पडलेलं नव्हतं. पण वर्षानुवर्षं काड्या हरून येणारा हा माणूस एकदा, एकदा तरी जिंकून घरी यावा असं फार वाटलं. म्हणून मी बिनबटणाचा शर्ट शिवला. कॉलर आहे, बाह्या आहेत, पुढचा भाग खालपासून वरपर्यंत बंद. मग अंगात घालायचा कसा? मी पडले बायकांची शिंपीण. मला जे येतं ते मी केलं. डाव्या कुशीला, काखेपासून कमरेपर्यंत चेन लावली, बायकांच्या ड्रेसला असते तशी.

ह्यांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. पुढून उघडत नाही म्हणाले. मी म्हटलं, नवीन फॅशन आहे. हे म्हणाले, बरी आहे.

आणि हे जिंकले. सगळेच्या सगळे डाव. पान चांगलं आलं की हात छातीकडे जायचा, तिथे धरायला काही सापडायचं नाही, हात मुकाट खाली यायचा. शेवटच्या डावाला समोर काळा गॉगल लावलेला कसलेला खेळाडू होता. तो ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, बघत राहिला, घामाघूम झाला आणि पानं फेकून उठला. त्या वेळी मनात काय चाललं होतं, असं मी नंतर विचारलं. हे म्हणाले, हॉलमागे लिफ्टचा आवाज येत होता, बेअरिंग गेलंय.

बक्षिसाचा आकडा मी सांगणार नाही, दृष्ट लागते. बँकेत टाकला. सासूबाईंना पाय वर करायची खुर्ची घेतली. मला वाटलं, संपलं, आता सोमवारपासून हे लिफ्टवर आणि मी मशीनवर. कुठलं काय.

पहिली तऱ्हा भाजीवाल्यानं केली. हे नेहमीसारखे गेले, वांगी कशी दिली विचारलं आणि उभे राहिले. भाजीवाल्यानं पेपर वाचला होता. त्यानं भाव सांगितला, ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाव उतरवला. हे गप्प. आणखी उतरवला. हे खरं तर वांगी आतून किडकी आहेत का ते बघत होते. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, घ्या फुकट, पण असं बघू नका. मला दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे देऊन यावं लागलं. तरी त्यानं मोजायच्या आधी दोनदा विचारलं, यात तुमची काही चाल नाही ना?

हे एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग लिफ्टचं झालं. हे एका उंच इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करून म्हणाले, झाली नीट, बसा. एक माणूस बसेना. सगळे ह्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, ब्लफ मारतोय. सगळी इमारत जिन्यानं जायला लागली, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून वर नेलं. हे स्वतः लिफ्टमध्ये बसून वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. लोक म्हणाले, बघा, किती निगरगट्ट आहे. दुसऱ्या इमारतीत तेच, तिसऱ्या इमारतीत तेच. शेवटी कंपनीच्या साहेबांनी ह्यांना बोलावून फार आदरानं सांगितलं की तुमच्यासारखा मोठा माणूस आमच्याकडे शोभत नाही, या तुम्ही.

म्हणजे जिंकल्यामुळे नोकरी गेली. असं कुणाचं झालेलं ऐकलंय का कुणी?

आणि मग आला माझा धाकटा भाऊ. आयत्या बिळावर नागोबा. त्यानं आजवर मोबाइलची कव्हरं विकून पाहिली, माशांच्या टाक्या विकून पाहिल्या, मासेच मेले. आता म्हणाला, ताई, मी दाजींचा मॅनेजर. आल्या आल्या त्यानं ह्यांचे जुने शर्ट गोळा केले आणि देऊन टाकले, कारण चॅम्पियननं कायम एकाच वेषात दिसलं पाहिजे. माझ्याकडून डझनभर बिनबटणाचे शिवून घेतले. मी एकाला गुपचूप शोभेचं बटण लावलं तर त्यानं ते कात्रीनं काढलं. लकी शर्टाला हात लावायचा नाही म्हणे. माझीच कात्री, माझाच नवरा, आणि हा मला शिकवतो.

बरं, त्या शर्टाची साथच आली. फोटो बघून जो तो दुकानात यायला लागला, तसाच शिवा. बँकेचे मॅनेजर स्वतः आले. पोट सुटलेला माणूस, मी परोपरीनं सांगितलं, तुम्हाला जमायचं नाही. ऐकेनात. ट्रायलच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून बारीक आवाज आला, बाई. डोकं आत अडकलेलं, दोन्ही हात वर, चेन काखेत रुतलेली. सासूबाईंनी त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि मी शर्ट कापून माणूस बाहेर काढला. तरी जाताना म्हणतात, पुढच्या वेळी जरा सैल करा.

दुकान कधी नव्हे ते जोरात चालायला लागलं, आणि मी मात्र दिवसभर चिडलेली. कारण घरात मला काही कळेनासं झालं होतं. हे समोर बसून जेवायचे, बरी आहे म्हणायचे, आणि छातीवर नुसतं कापड. पूर्वी हात तरी वर जायचा, आता तोही जागचा हलेना. मला वाटलं, बटण नाही म्हणून सवय मोडली. माझ्या हातानं मी माझी खिडकी बंद केली होती.

त्यात भावानं दौरा ठरवला. वर्षभराचा. गावोगावची हॉटेलं, रोज नवा हॉल, ह्यांनी खेळायचं आणि भावानं पैशांची पिशवी धरायची. मी दुकान आणि सासूबाईंना सोडून जाणं शक्य नव्हतं. म्हणजे वर्षभर हे तिकडे, मी इकडे. मला एवढंच कळायला हवं होतं की ह्यांना स्वतःला जायचंय का. जायचं असेल तर मी अडवणार नव्हते, आयुष्यात पहिल्यांदा माणूस काही जिंकला होता. मी विचारलं. हे म्हणाले, तू म्हणशील तसं. माझं म्हणणं काय चाटायचंय? मी खनपटीला बसले, भांडले, एकदा तर टेप फेकून मारली. ह्यांनी ती गुंडाळून जागेवर ठेवली आणि पुन्हा तेच, तू म्हणशील तसं.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पाळण्यात होता तेव्हाही मला कळायचं नाही हा भुकेला आहे की झोपेला आलाय.

करारावर सही करायच्या दिवशी भाऊ दुपारी नवीन पेन घेऊन आला. मी एका गिऱ्हाइकाचा कुर्ता बेतत होते. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, एक डाव होऊ दे. हे आणि मी. हे जिंकले तर दौऱ्यावर जातील, मी जिंकले तर राहतील.

भाऊ असा हसला की खोकला लागला. चॅम्पियनविरुद्ध शिंपीण. ताई, अट तूच घातलीस, मागाहून रडायचं नाही, म्हणाला. ह्यांना विचारलं, चालेल? हे म्हणाले, तू म्हणशील तसं.

बेतायच्या टेबलावरचे खडू आणि टाचण्या बाजूला सारल्या. वाटायला सासूबाई, बोटाला थुंकी लावून एकेक पान. पाच पाच पानं, एकदा नको ती बदलून घ्यायची, मग एकानं पॅक म्हणून हार मानायची नाहीतर दोघांनी उघडायची. मी पानं उचलली. दोन दुर्र्या आणि बाकी सगळा कचरा. दुर्र्या ठेवून तीन बदलली, आली ती त्याहून भिकार.

ह्यांनी पानं पाहिली. एकदाच. सासूबाईंनी किती बदलायचीत म्हणून विचारलं. ह्यांनी मान हलवली, एकही नाही.

भावाचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, एकही पान बदलत नाहीत, म्हणजे हातात घबाड आहे, समजून घे. आणि त्याच वेळी ह्यांचा उजवा हात वर गेला. छातीवर आला, बटण शोधलं, सापडलं नाही. पण या वेळी हात खाली आला नाही. चिमटीत कापडच धरलं आणि पिळायला लागले. पिळतायत, पिळतायत, पुढचा सगळा भाग गोळा होऊन मुठीत आला, आणि डाव्या कुशीची चेन काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटली. ह्यांना शुद्ध नव्हती. चेहरा होता तसाच.

किती दिवसांनी ह्यांना खूश बघत होते मी, आणि कशासाठी, तर जाण्यासाठी. मशीनच्या खोलीतले ते तिघे असते तर कधीच पानं टाकून उठले असते. माझे डोळे भरून आले, पानं दिसेनात. भाऊ म्हणाला, "पॅक म्हण, ताई. निदान अब्रू राहील."

बस. मला कुणी माघार घे म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी दोन दुर्र्या टेबलावर आपटल्या आणि म्हटलं, दाखवा तुमची.

ह्यांनी एकेक करून ठेवली. तिर्री. पंजा. सत्ती. अठ्ठी. दश्शी. रंगाला रंग नाही, जोडीला जोडी नाही. मशीनच्या खोलीत एवढ्या वर्षांत इतकी वाईट पानं कुणाला आली नसतील.

दोन दुर्र्यांनी चॅम्पियन आडवा. भावानं पानं उलटून पाहिली, टेबलाखाली पाहिलं. मग रडवेल्या आवाजात विचारलं, "दाजी, असला हात घेऊन बसलात आणि एकही पान बदललं नाहीत?"

हे म्हणाले, "बदलली आणि चांगली आली असती तर?"

मला हळूहळू उमजत गेलं. हे चांगल्या पानांवर खूश झालेच नव्हते, हरून घरी राहायला मिळणार म्हणून झाले होते. त्या तिघा मेकॅनिकांसारखी मीही पानंच बघत बसले. हात इतके दिवस वर गेला नाही तो बटण नव्हतं म्हणून नाही. वर जावा असं काही ह्यांच्या मनात नव्हतंच, एवढंच. घरातला माणूस माझ्यासमोर बसून दिवसेंदिवस उदास होता आणि मी शर्टाला शिव्या देत होते. मला रडू फुटलं ते फुटलंच.

भावानं शेवटचं विचारून घेतलं, पण ताई पॅक म्हणाली असती तर तुम्हाला जावं लागलं असतं की. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ही? आणि पॅक?"

सासूबाई इतक्या हसल्या की नव्या खुर्चीत त्यांचे पाय आपोआप वर झाले.

त्याच संध्याकाळी मी ह्यांच्यासाठी पुढून उघडणारा शर्ट शिवला. घाईत बटणं बायकांच्या कपड्यासारखी उलट्या बाजूला लागली, पण ह्यांच्या ते लक्षात आलं नाही. भाऊ आता बिनबटणाचे शर्ट विकतो, बँकेचे मॅनेजर त्याचे पहिले गिऱ्हाईक, माझी पीडा टळली. मग मी त्या उंच इमारतीच्या सेक्रेटरींना गाठून बटणाचं गुपित सांगून टाकलं, कारण लिफ्ट खरोखर नीट चालली की हे खूश होतातच. आता सगळ्या इमारती आधी ह्यांच्या बटणाकडे बघतात आणि फिरताना दिसलं की निर्धास्त आत शिरतात. कंपनीनं ह्यांना परत घेतलं. ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत झालीय, तेव्हा पोकर जन्मात जमणार नाही. माहीत नाही ते फक्त ह्यांना. दुपारी परत काड्या हरून येतात आणि नशिबाला बोल लावतात.

परवा रात्री जेवायला बसलो. भाजी कशी झालीय, असं मी मुद्दाम विचारलं. हे म्हणाले, बरी आहे, आणि टपकन काहीतरी ह्यांच्या वाटीत पडलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, अगं, मीठ घालायला विसरलीस. खरंच विसरले होते. मी वाटीतलं बटण काढून धुतलं आणि सुईत दोरा ओवला.